खाली वळलेला अंगठा

माझ्या मुलाने बनवलेल्या व्हिडिओ गेमची आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या लोकांनी तोंड भरून स्तुती केली, त्यातल्या एकानेही तो खेळून पाहिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण अजूनही कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "काय हो, त्या गेमचं पुढे काय झालं? इतका छान होता." छान होता म्हणे. पाहिलात कधी? पण असं तोंडावर म्हणता येत नाही. "चाललंय" म्हणते आणि भाजीची पिशवी उचलून निघते. भोपाळच्या बाग सेवनियात इतकी वर्षं राहिल्यावर ओळखीच्या माणसांना चुकवायचं म्हटलं तर घराबाहेरच पडायला नको.

घरात आम्ही तिघं. मी ग्वाल्हेरची, निवृत्त होईपर्यंत प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचे हे नागपूरकडचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर त्यांचे वडील इकडे आले आणि इकडचेच झाले. हे स्वतः धरणांच्या खात्यात बाबू म्हणून लागले आणि बऱ्यापैकी मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले. मुलगा एकुलता एक, इंजिनिअर, पुण्यात नोकरीला होता. एक दिवस दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, नोकरी सोडली, आता इथेच राहून एक गेम बनवणार.

"तिशी आली न हा गेम खेळून राहिला," हे म्हणाले.

"खेळणार नाही, बनवणार आहे," मी म्हटलं.

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण ह्यांना समजावत बसणं म्हणजे नुसती डोकेफोड. सुरुवातीला मला तरी कुठे काय कळत होतं. मी वाळलेले कपडे ठेवायला त्याच्या खोलीत जायचे आणि पलंगाच्या कडेला टेकून बघत राहायचे. हळूहळू कळायला लागलं. एके काळी घरोघरी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते ना, कॅसेटमध्ये फुंकर मारून लावायचे, त्यातली चित्रं चौकोनाचौकोनांची असायची. त्याने आपला गेम मुद्दाम तसा जुना दिसेल असा केला होता. त्यात एक इवलासा लाइनमन आहे, डोक्यावर टोपी, हातात रबरी मोजे. तो पाण्याखाली गेलेल्या गावात उतरतो. कुठे उडी मारायची, कुठे खांबावर चढायचं, कुठे सरपटत जायचं, कोणी काही सांगत नाही. अख्ख्या गेममध्ये एक अक्षर लिहिलेलं नाही. आपणच फिरून शोधायचं. एक दिवा लागला की दुसरीकडची वाट उघडते, मग मघाशी जिथे अडलो होतो तिथे परत जायचं. असं करत करत सगळं गाव उजळत न्यायचं.

ते गाव मी पहिल्याच दिवशी ओळखलं. ह्यांच्या खात्याच्या एका धरणात ते बुडालं होतं. मुलगा पहिली-दुसरीत असताना एका उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की गाव वर आलं. ह्यांना पाहणीसाठी जायचं होतं, शाळेला सुट्टी होती, म्हणून हे जीपमध्ये त्यालाही घेऊन गेले. परत आल्यावर पोरगं धड जेवेना, नुसतं सांगत सुटलं. देवळाच्या पायऱ्या, विहीर, शाळेची उरलेली एक भिंत आणि तिच्यावरचा काळा फळा, आणि विजेचे खांब, तारांसकट उभे. त्याने मला विचारलं होतं, आई, त्या खांबांवरचे दिवे आता लागत असतील का? मी काय सांगणार, झोप म्हटलं. पुढे कित्येक वर्षं तो काहीही काढायला बसला की कोपऱ्यात एखादा खांब यायचाच.

"बाबांना सांगू नकोस हं," तो मला म्हणाला. "त्यांनी खेळताना ओळखायला पाहिजे."

त्याला ह्या गेममधून काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याने ते लपवलंच नव्हतं. आपल्या बाबांनी एकदा खुर्चीत बसून तो खेळावा. आणि कोणीतरी, कुठल्याही देशातल्या कोणीतरी, तो शेवटपर्यंत पाहून खरं काय वाटलं ते सांगावं. बस. गाडी-बंगल्याची भाषा त्याने कधी केलीच नाही.

ह्यांना मी वाईट म्हणणार नाही. वीज गेली तर काम अडू नये म्हणून स्वतः जाऊन मोठा इन्व्हर्टर घेऊन आले. इथल्या मराठी मंडळात कोणी कुजकं बोललं की हेच मुलाची बाजू घ्यायचे. पण खोलीच्या आत पाऊल म्हणून टाकायचे नाहीत. उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, "झालं का?" तो म्हणायचा, "नाही अजून." हे म्हणायचे, "बरं," आणि परत फिरायचे. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, जरा बसा त्याच्याजवळ, एकदा खेळून तर बघा. तर म्हणे, "पूर्ण तर होऊ दे. अर्धवट फाइल मी कधी हातात घेतली नाही." पूर्ण झाल्यावर म्हणे, "एवढं बारीक मला दिसत नाही, चष्म्याचा नंबर बदलून घेतो, मग." त्या चष्म्याच्या नंबरावर महिने निघून गेले.

गेम बाहेर आला. इंटरनेटवर एक मोठं परदेशी दुकान आहे, तिथे असे गेम विकायला ठेवतात. घेणाऱ्याला तिथे आपलं मत लिहिता येतं आणि मताबरोबर एक अंगठा द्यावा लागतो, आवडलं तर वर, नाही तर खाली. आणि प्रत्येक मताशेजारी दुकान स्वतःहून लिहितं की ह्या माणसाने गेम किती वेळ खेळला आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आमच्या लोकांना ती कोणी सांगितली नव्हती.

सुरुवातीचे आठवडे फार वाईट गेले. तसं पाहिलं तर कोणी शिव्याही दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर निदान आवाज तरी झाला असता. एका इंग्रजी साइटने चार ओळी लिहिल्या, की काम नीटनेटकं आहे पण असे जुन्या धाटणीचे गेम आता पैशाला पासरी झालेत. दुसऱ्याने लिहिलं, नकाशा कळत नाही, सोडून दिला. एका हिंदी व्हिडिओवाल्याने सुरू केल्या केल्या म्हटलं, "भाई, ये तो मेरे पापा के ज़माने का है," आणि पुढे सगळा वेळ स्वतःच्याच विनोदांवर हसत बसला. मुलगा मला एकेक वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाशेजारचा वेळ बघायचा. "दुसऱ्या दिव्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत, आई."

मला ते दुःख कळत होतं. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. न वाचता "छान" असा शेरा मारून पान उलटणाऱ्या बाया मी स्टाफरूममध्ये पाहिल्यात, आणि पोरांना ते बरोबर कळतं हेही पाहिलंय. चुकीच्या खाली लाल रेघ आली तर पोरगं रडतं, पण आपली वही बाईंनी वाचली एवढं तरी त्याला समजतं.

मग एका दुपारी त्याने मला हाक मारली. इतक्या मोठ्याने की मला वाटलं शॉक बसला की काय. धावत गेले. पडद्यावर एक लांबलचक मत होतं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, कुठला कोण देव जाणे. गेम त्याने पुरता खेळला होता, शेवटच्या दिव्यापर्यंत, शेजारी तास लिहिलेलेच होते. मुलगा मला एकेक ओळ मराठीत सांगत गेला. उड्या निसरड्या आहेत, बोट सोडलं तरी लाइनमन थांबत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात नुसतं मागे-पुढे चालायला लावलंय. विहिरीतली वाट अन्यायाने अवघड केली आहे. संगीत फार थोडं आहे आणि तेच तेच वाजतं. मी म्हटलं, अरे, हा तर झोडपतोय तुला. "ऐक तर," तो म्हणाला. शेवटी त्या माणसाने लिहिलं होतं, की हे ज्याने बनवलं त्याने पाण्यातून वर आलेलं गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि लहान असताना पाहिलेलं आहे, कारण त्यात सगळ्या पायऱ्या उंच आहेत.

अंगठा खाली होता.

"मग खाली कशाला दिला?" मी विचारलं.

"कारण त्याला नाही आवडला," मुलगा म्हणाला. "पण त्याने पाहिला, आई. सगळा पाहिला."

इतक्या महिन्यांत तो त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला. वरण परत मागून घेतलं. दोन दिवसांनी आणखी एक झालं. एका बऱ्यापैकी वजनदार साइटवर लिहिणाऱ्या माणसाने त्याला कळवलं, की ते मत वाचून मी गेम घेतलाय, सावकाश खेळतोय, मोठं लिहीन. मी देवाजवळ साखर ठेवली. मुलगा हसला मला, पण साखर खाल्लीन.

जेवताना तो ह्यांना एवढंच म्हणाला, की बाबा, एकाने खूप मोठं लिहिलंय. झालं. सकाळी चहाबरोबर ह्यांनी फोनवर ते पान उघडलं. आणि पहिलं काय दिसलं, तर खाली वळलेला अंगठा. ह्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं, जन्मभर मसुदे केलेत. पण वाचलं किती, तर वरच्या चार ओळी. त्यात सगळ्या तक्रारी.

"हा कोण टिकोजीराव लागून गेला?" हे म्हणाले. "पोरानं एवढी वर्षं घासली, अन हा भामटा खाली अंगठा दाखवून राहिला. अन तोच सगळ्यात वर लावून ठेवलाय दुकानवाल्यांनी."

मी म्हटलं, अहो, पुढे वाचा, त्याला ते आवडलंय. तर म्हणे, आवडलं असतं तर वर दिला असता. मी आणखी काही बोलणार तोवर हे आंघोळीला गेले.

दुपारी हे मुलाच्या खोलीच्या उंबऱ्यात. "मंडळातल्या लोकांना गेम पाहायचा आहे म्हणतात. गेम फुकट मिळवायचे कोड असतात ना तुझ्याकडे?" मुलाचं तोंड असं उजळलं की मला भरूनच आलं. "खेळणार आहेत?" त्याने विचारलं. "खेळतील ना, का नाही खेळणार." त्याने कोड काढून दिले, वर सुरू कसं करायचं ते सोप्या मराठीत लिहूनही दिलं.

आमचं मराठी मंडळ तसं प्रेमळ आहे. गणपती, कोजागरी, दिवाळीचा फराळ, सगळं एकत्र. आणि एक रीत आहे, की कोणाच्याही मुलाने काही केलं, दहावी पास होवो की गाण्याच्या स्पर्धेत उतरो, की ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदन लिहायचंच. कुठे मतं द्यायची असली तर एकूण एक घर मत देतं. गाणं कोणी ऐकतं असं नाही. ज्याने लिहिलं नाही त्याची मात्र पुढे आठवण ठेवली जाते. ह्यांनी त्याच रीतीने ग्रुपवर संदेश टाकला, तोही आपल्या खात्याच्या भाषेत. आपल्या मंडळाच्या सुपुत्राने स्वकष्टाने गेम तयार केला असून काही हितशत्रूंनी प्रतिकूल मत दिलेले आहे, तरी सर्वांनी सोबतच्या यादीतील एक कोड वापरून वरचा अंगठा द्यावा व चांगला अभिप्राय नोंदवावा. आणि शेवटी, लोकांना त्रास नको म्हणून, हे वाक्य: गेम खेळणे आवश्यक नाही.

मी तो वाचला तोवर खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं? चार लोकांचा हातभार लागला तर बिघडलं कुठं?"

"त्याला हातभार नकोय. त्याला कोणीतरी खेळायला हवंय. तुम्ही खेळायला हवंय."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत मला आणते," हे म्हणाले आणि पेपर उघडला.

दोन दिवसांत त्या पानावर आशीर्वादांचा पाऊस पडला. खूप खूप अभिनंदन बाळा. असाच पुढे जा. व्हेरी नाइस गेम, गॉड ब्लेस. एका काकांनी तिथे सुप्रभात लिहिलं. अयोध्या नगरच्या एका वहिनींचा चुकून खालचा अंगठा पडला, तर ह्यांनी फोन करून तो बदलून घेतला. आणि प्रत्येकाशेजारी दुकानाने इमानदारीने लिहिलेलं होतं, खेळलेला वेळ: एक मिनिट, दोन मिनिटं. गेम उघडला, बंद केला, अंगठा दिला. त्या अनोळखी माणसाचं मत कुठल्या कुठे खाली गेलं.

मुलगा पडद्यासमोर बसून एकेक वाचत होता. मी मागे उभी. सगळ्यात मोठं मत ह्यांचं होतं. शुद्ध इंग्रजीत, की ह्या निर्मात्याची मेहनत मी जवळून पाहिली आहे, खेळ अत्यंत दर्जेदार असून सर्वांनी अनुभवावा. शेजारी तेच, एक मिनिट.

"मिनिटभर," मुलगा म्हणाला. "म्हणजे पहिली पायरीही नाही उतरले."

तो चिडला नाही. चिडला असता, काही फेकलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ह्यांच्यावर ओरडला असता तर मीही त्याच्या बाजूने ओरडले असते. त्याने नुसतं पान बंद केलं आणि विचारलं, जेवायला काय आहे.

पुढचं व्हायचं ते झालं. मंडळातल्याच कोणाच्या तरी भाच्याने ह्यांच्या संदेशाचा फोटो कुठेतरी टाकला. मजा म्हणून टाकला असेल, त्याच्या मनातही काही नसेल. कोणीतरी त्याचं इंग्रजी केलं. "गेम खेळणे आवश्यक नाही" हे वाक्य जगभर फिरलं. ज्यांनी गेमचं नाव कधी ऐकलं नव्हतं ते लोक हसायला तिथे आले. भारतातल्या काकूंची फौज, असं काहीतरी म्हणत होते. आणि तो वजनदार साइटवाला मोठं लिहिणार होता ना, त्याने लिहिलं. खोट्या मतांवर लिहिलं. गेमबद्दल त्यात एकच वाक्य होतं, की तो मी पुढे खेळलो नाही, आता त्यात अर्थ वाटत नाही. मुलाने ते मला वाचून दाखवलं नाही, मीच अक्षर लावत लावत वाचलं.

मग दुकानाने गेमच काढून टाकला. खोटी मतं गोळा केल्याबद्दल, कायमचा. पान उघडलं की उपलब्ध नाही एवढंच यायचं. आशीर्वाद गेले, सुप्रभात गेलं, आणि त्यांच्याबरोबर ते एक खरं मतही गेलं. मुलाने ते कुठे उतरवून ठेवलं नव्हतं. कोण ठेवतं?

ह्यांना हे खरंच वाटेना. "भेटायचं कोणाला?" हे एकच धरून बसले. ह्या माणसाने उभा जन्म अडलेल्या फायली हलवण्यात काढला. टेबलासमोर जाऊन बसायचं, नम्रपणे बोलायचं, समोरचाही माणूसच असतो, हे त्यांचं तत्त्व. "भोपाळमध्ये नसेल तर दिल्लीत तर असेल ना ऑफिस." मुलगा म्हणाला, बाबा, असं ऑफिस नसतं. तरी हे जवाहर चौकात आपल्या जुन्या टायपिंगवाल्याकडे गेले, अर्ज टाइप करून घेतला, सही केली, स्कॅन करून पाठवला. चूक सर्वस्वी अर्जदाराची असून त्याच्या मुलाचा यात काहीही संबंध नाही, सबब सहानुभूतीने विचार व्हावा. इंग्रजीत, पण वाक्य न वाक्य तेच. पाठवल्या पाठवल्या उत्तर आलं. हे इतके खूश झाले. "पाहा, लगेच उत्तर आलं, म्हणजे कोणीतरी लक्ष घालून राहिलं." मुलगा म्हणाला, "बाबा, ते मशीन आहे."

ह्यांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं. दरवेळी तेच उत्तर, तेच शब्द. दरवेळी हे ते पूर्ण वाचायचे.

"मी भल्यासाठीच केलं रे," एकदा जेवताना हे म्हणाले.

"माहीत आहे, बाबा," मुलगा म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं, आणि तेच मला बघवत नव्हतं. ताटावरून उठून जावंसं वाटलं मला.

काही महिन्यांनी त्याने बंगळूरला नोकरी धरली. कुठल्याशा कंपनीच्या ॲपमधली बटणं तो आता काढतो. दाबल्यावर बटण कसं दिसावं, न दाबता कसं दिसावं. चांगली नोकरी आहे, सगळे म्हणतात. जाताना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. मी म्हटलं, ने की. म्हणाला, काय करायचाय.

ह्यांनी त्या खोलीत जायला किती दिवस लावले ते मी मोजलं नाही. एक दिवस दुपारची झोप काढून उठले तर हे त्याच्या खुर्चीत बसलेले, नवा चष्मा लावून. "हे सुरू कसं करतात?" मी इतकी वर्षं बघत आले होते, मला येत होतं. सुरू करून दिलं. लाइनमन काठावर उभा राहिला.

सत्तरीच्या माणसाची बोटं ती. एक बटण दाबायला गेले की दुसरं दाबलं जायचं. लाइनमन पायरीवरून घसरायचा, पडायचा, परत वर यायचा. हे शिव्या द्यायचे, लाइनमनला की स्वतःला, कळायचं नाही. मी म्हटलं, सोडा आता, काय उपयोग. ऐकतात कुठले. रोज दुपारी बसायला लागले. पहिला दिवा लागला त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून दाखवला, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी न बघताच हो हो म्हटलं. हे तेव्हा करायला काय झालं होतं?

आणि मग एक दिवस त्यांनी हाक मारली, वेगळ्याच आवाजात. "अगं, इकडे ये."

लाइनमन देवळाच्या पायऱ्या उतरून खाली आला होता. मागे खांबांची रांग, पुढे विहीर. लांब, पार पलीकडे, शाळेची भिंत, आणि तिच्याजवळ चौकोनाचौकोनांची एक छोटी जीप उभी. जीपशेजारी टोपीवाला माणूस, आणि त्याचा हात धरलेला एक ठिपका.

"हे तर ते गाव आहे," हे म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"त्याने नको म्हटलं होतं. तुम्ही खेळताना ओळखावं म्हणत होता."

हे रडले. मला वाटलं होतं असं कधी झालं तर मला समाधान वाटेल, घ्या आता, असं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मलाही रडू आलं. किती सोपं होतं ते. एक दुपार खुर्चीत बसायचं, एवढंच तर होतं.

त्यानंतर ह्यांना एकच ध्यास लागला, शाळेपर्यंत पोहोचायचं. त्या दोघांपर्यंत. पण वाट विहिरीतून जाते, आणि विहीर काही केल्या सुटेना. उतरायचे, बुडायचे, परत काठावर. आठवडे गेले. शेवटी एका रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून तो घेतला, स्पीकर लावला आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

"मी तुझा गेम खेळून राहिलो," हे म्हणाले.

ह्यांनी फोन पडद्याजवळ सरकवला.

"ते आपण पाहिलेलं गाव आहे ना रे? जीप पाहिली मी."

"हो, बाबा."

"आता विहिरीपाशी आहे. तिथून पुढे कसं जायचं? मला शाळेपाशी जायचं आहे."

 फोनमधून त्याच्या तिकडच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"आठवत नाही, बाबा," तो म्हणाला.

"असं कसं? तूच तर बनवली ती विहीर."

"खूप दिवस झाले. नाही आठवत आता." मग म्हणाला, "राहू द्या ते. गोळ्या वेळेवर घेता ना?"

ह्यांनी घेतो म्हटलं. आणखी इकडचं तिकडचं बोलणं झालं, तिकडे पाऊस आहे का, जेवण मिळतं का नीट. फोन ठेवल्यावर ह्यांनी लाइनमनला परत विहिरीच्या काठावर आणून उभा केला.

"विसरला," मला म्हणाले. "नवी नोकरी आहे, किती काय डोक्यात ठेवणार पोरगं. विसरणारच."

त्या विहिरीचा एकेक दगड त्याने माझ्यासमोर काढला होता. एक पुसायचा, परत काढायचा, आई हा बरोबर वाटतो का म्हणून विचारायचा. अख्खा उन्हाळा नुसती विहीर चालली होती.

"हो," मी म्हटलं, "विसरला असेल."